वजनाचं वेट आणि वाट पाहण्याचं वेट



ऐकायला सारखे, पण अर्थानं वेगळे अशा इंग्रजी शब्दांविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं ते बीड जिल्ह्यात, तेव्हा सुरुवात आपल्या गावाच्या नावापासूनच करतो.

मराठीत ‘बीड’ लिहायला काहीच अडचण नाही. ब ला दुसरी वेलांटी, पुढे ड. इंग्रजीत मात्र या दोन अक्षरांनी पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घातला आहे. निजामाच्या काळातल्या इंग्रजी कागदांत आपलं गाव बी-एच-आय-आर असं आहे, म्हणजे ‘भीर’. १९६९ साली महाराष्ट्र शासनानं या जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर छापलं, तेही ‘भीर’ याच नावानं. २०११च्या जनगणनेत आपण बी-आय-डी आहोत. आणि रोजच्या व्यवहारात आपण बी-ई-ई-डी लिहितो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव ‘भीर’, नोकरीच्या कागदावर बी-आय-डी आणि रेशनकार्डावर डबल ई. एकदा एका कचेरीत कारकुनानं तिन्ही कागद समोर ठेवले आणि विचारलं, ‘सर, तुम्ही नक्की जन्मलात कुठं?’

गंमत पुढेच आहे. बी-आय-डी या इंग्रजी शब्दाचा अर्थ लिलावातली किंवा निविदेतली बोली. बी-ई-ई-डी असा शब्द इंग्रजीत आता वापरात नाही, पण अगदी त्याच उच्चाराचा बी-ई-ए-डी आहे, त्याचा अर्थ माळेतला मणी. आणि खुद्द मराठीत बीड म्हणजे ओतीव लोखंड. आजी ज्यावर धिरडी घालायची तो बिडाचा तवा. म्हणजे एका उच्चारात लिलावाची बोली आहे, मणी आहे, तवा आहे आणि आपला अख्खा जिल्हा आहे. ऐकणाऱ्याला यातलं कुठलं बीड ते कसं कळतं? पुढच्या-मागच्या शब्दांवरून कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

अशा शब्दांना इंग्रजीत होमोफोन म्हणतात, आपण समोच्चारी म्हणू. ‘सन’ म्हणजे मुलगा आणि ‘सन’ म्हणजे सूर्य. ‘मीट’ म्हणजे भेटणं आणि ‘मीट’ म्हणजे मटण. ‘ब्रेक’ गाडीचा आणि ‘ब्रेक’ म्हणजे मोडणं. बोलताना यांचा कुणाला त्रास नाही. त्रास सुरू होतो तो हातात पेन्सिल आल्यावर.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीत भेटायचं. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या मुलांची ती पहिली तुकडी २००७ साली आठवीत आली, आणि ती माझ्या वर्गात बसली. शाळा डोंगरपट्ट्यातली. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने फडावर राबायचं आणि उचल फेडायची. मुलं तोपर्यंत आजी-आजोबांजवळ.

मी निबंध घातला होता, ‘माझे वडील’. एका मुलानं पाच-सहा वाक्यं लिहिली होती. त्यातलं एक असं : ‘माय फादर गेट्स मनी फॉर वेट.’ त्याला म्हणायचं होतं, माझ्या वडलांना वजनावर पैसे मिळतात. टनावर मजुरी, हे त्याला घरचं ठाऊक. पण वजनाचं ‘वेट’ लिहितात डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी. त्यानं लिहिलं होतं डब्ल्यू-ए-आय-टी, म्हणजे वाट पाहणं. मी लाल शाईनं गोल केला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणालो, ‘बघा, याच्या वडलांना नुसती वाट बघायचे पैसे मिळतात. अशी नोकरी मला पण बघा रे एखादी!’ वर्ग खदखदून हसला. तोही थोडासा हसला. त्या दिवसानंतर त्याच्या वहीत मला इंग्रजीचं एकही वाक्य त्याचं स्वतःचं असं दिसलं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा, तेवढंच.

त्याची चूक नेमकी काय होती, ते मला फार उशिरा उमगलं. आपण मुलांना देवनागरी शिकवतो तेव्हा सांगतो, जसं बोलता तसं लिहा. ‘क’ला काना ‘का’, मग तो कागदातला असो की काकडीतला. मूल हा नियम मन लावून पाळतं. मग आपण त्याच्यापुढे इंग्रजी ठेवतो, आणि तो नियम इथे चालत नाही हे सांगायला मात्र विसरतो. त्या मुलानं बरोबर ऐकलं होतं आणि ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ते वाक्य देवनागरीत लिहून पाहा : माय फादर गेट्स मनी फॉर वेट. त्यात एकही चूक नाही.

मग इंग्रजीनं ही अक्षरं कशाला बाळगली? ‘वेट’मध्ये जी-एच कशाला? त्यामागे इतिहास आहे. एके काळी हे जी-एच उच्चारले जायचे, साधारण आपल्या ‘ख’सारखे. इंग्रजीची चुलत बहीण म्हणजे जर्मन. जर्मनमध्ये वजनाला आजही ‘गेविख्ट’ म्हणतात, रात्रीला ‘नाख्ट’ आणि उजेडाला ‘लिख्ट’. इंग्रजांनी वजन, नाइट आणि लाइट यांतला तो ‘ख’ बोलण्यातून सोडला, लिहिण्यात ठेवला. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दातला सुरुवातीचा के-सुद्धा पूर्वी बोलला जायचा.

विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे शब्दांचं लेखन हळूहळू पक्कं होत गेलं. पण नेमक्या त्याच दोन-तीन शतकांत इंग्रजीचे स्वर मोठ्या प्रमाणात बदलत होते. लिखाण जागेवर राहिलं, उच्चार पुढे निघून गेले. खाण्याचं ‘मीट’ आणि भेटण्याचं ‘मीट’ हे पूर्वी वेगवेगळे ऐकू यायचे. एकात ई-ए, दुसऱ्यात डबल ई, ते त्यासाठीच. पुढे दोघांचा आवाज एक झाला, स्पेलिंग मात्र दोन राहिली.

काही अक्षरं तर पंडितांनी मागाहून घुसवली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ शब्द डी-ई-बी-टी असा लिहितात. त्यातला बी इंग्रजीत कुणी उच्चारत नाही. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवण्यासाठी विद्वानांनी तो मध्ये बसवला. त्यांच्या विद्वत्तेचं कर्ज जगभरची मुलं अजून फेडत आहेत.

या जाचाला इंग्रजही कंटाळले होते. नाटककार बर्नार्ड शॉ यांनी मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करायला पैसे ठेवले होते. लिपी तयार झाली, तिच्यात शॉ यांचं एक नाटक १९६२ साली छापलं गेलं, आणि गोष्ट तिथेच थांबली. तेव्हा स्पेलिंग बदलेल या आशेवर आपण बसू नये.

इंग्रजांच्या या गोंधळात आपला मराठी कान आणखी भर घालतो. आपल्याकडे ‘ए’ एकच. इंग्रजीत आखूड ‘ए’ वेगळा आणि लांब वळणारा ‘ए’ वेगळा. म्हणून त्यांच्या दृष्टीनं जे शब्द वेगळे, ते आपल्याला एकच वाटतात. ओलं या अर्थाचं डब्ल्यू-ई-टी हेही आपल्या तोंडी ‘वेट’च. ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षा आणि ‘टेस्ट’ म्हणजे चव. म्हणून आपण रक्ताची टेस्ट करतो आणि वडापावला टेस्ट आहे असंही म्हणतो. लिहायचं ‘पेन’ आणि दुखण्याचं ‘पेन’ एकच. व्ही आणि डब्ल्यू आपल्याला एकच ‘व’. त्यामुळे पश्चिम दिशा, वाया गेलेलं, कंबर आणि बनियन या चारही गोष्टी आपल्याकडे ‘वेस्ट’ या एका गाठोड्यात बांधल्या जातात. इंग्रजाच्या कानाला यांतले दोनच सारखे, वाया गेलेलं आणि कंबर.

याचे नमुने रस्त्यावर बघायला मिळतात. चहाच्या टपरीवर ‘टी अँड स्नॅक्स’ असं लिहिताना सी गळतो, एक ई जास्त पडतो आणि चहाबरोबर साप मिळू लागतात. एका मंगल कार्यालयाच्या फलकावर हिरवळीच्या ‘लॉन’ऐवजी कर्जाचं ‘लोन’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. आपल्याकडच्या लग्नांचा खर्च बघता ती चूक दुरुस्त करा म्हणायला माझी जीभ रेटेना.

हसण्यासारखं हे आहेच. पण शब्द सारखा ऐकू येण्यानं माणसं मेलीही आहेत. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी सिंगापूरहून क्वालालंपूरकडे एक मालवाहू जंबो विमान उतरत होतं. नियंत्रण कक्षातून सूचना आली, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो.’ सांगायचं होतं, चोवीसशे फुटांवर या. वैमानिकाच्या कानानं त्यातला ‘टू’ हा दोनचा आकडा न धरता ‘पर्यंत’ या अर्थाचा धरला. चारशे फुटांपर्यंत उतरा, असं समजून त्यानं ‘ओके, फोर झीरो झीरो’ असं उत्तर दिलं. ते उत्तर कुणी अडवलं नाही. विमान डोंगराला धडकलं आणि आतले चारही जण गेले. विमानातले लोक आकडे आणि अक्षरं बोलताना ठरावीक पद्धतच पाळतात, ऐकलेलं परत म्हणून दाखवतात, त्याला अशी कारणं आहेत. आपणही फोनवर नाव सांगताना ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर डेल्ही’ म्हणतो, ते याच भीतीपोटी.

कुणी म्हणेल, आता मोबाईल आणि संगणक चुका दाखवतात, मग काळजी कसली? पण साधा स्पेलिंग तपासणारा तुम्ही लिहिलेला शब्द शब्दकोशात आहे की नाही एवढंच बघतो. वाट पाहण्याचं ‘वेट’ शब्दकोशात आहे, म्हणून तो गप्प बसतो. नवी यंत्रं वाक्य पाहून कधी कधी सुचवतात, तीही दर वेळी नाही. नोकरीचा अर्ज वाचणारा माणूस मात्र गप्प बसत नाही. तो मनात म्हणतो, याला साधं इंग्रजी येत नाही. आणि त्या एका अक्षरापायी हुशार मुलगा बाजूला पडतो.

आपली मराठी यातून सुटलेली आहे, असंही समजू नका. ‘दिन’ पहिल्या वेलांटीचा म्हणजे दिवस, दुसरीचा ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. आपल्या रोजच्या बोलण्यात या ऱ्हस्व-दीर्घाचा फरक राहिलाय कुठे? मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम सोपे केले, तरीही पदवीधर माणूस पत्र लिहिताना वेलांटीपाशी अडखळतो. उलटा प्रकारही आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचं भांडं, लिहायला एक, बोलायला दोन. ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, तेही तसंच. आणि ‘वाट’ हा शब्द तर बघा. आपण वाट चालतो, वाट पाहतो आणि एखाद्याची वाटही लागते. या सगळ्यांतून आपण वाट काढतोच ना? मग परक्या भाषेत अडखळणाऱ्या मुलाला हसण्याचा आपल्याला काय अधिकार?

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. त्या निबंधानंतरच्या जानेवारीत एका नातेवाइकाच्या कामानं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या गावी गेलो होतो. रात्री साडेदहाच्या सुमाराला कारखान्यावरून जाताना पाहिलं, तर आवारापासून रस्त्यापर्यंत उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग. बैल सोडून बांधलेले, माणसं अंगावर पोतं घेऊन चाकाशी टेकलेली, कुठे पाचटाचा जाळ. बोलणं कानावर आलं ते आपल्याच भागातलं. म्हणून थांबलो. एका गाडीवानाला विचारलं, ‘नंबर कधी लागंल?’ तो म्हणाला, ‘काय सांगावं गुरुजी, पहाट बी व्हईल.’ मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. भरलेली गाडी आधी काट्यावर जाते. मग गव्हाणीत ऊस पाडायचा. रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन्ही वजनांतला फरक तो खरा ऊस, आणि पैसा त्याचा. मी विचारलं, ‘आणि इथं रात्रभर बसायचं?’ तो हसला. म्हणाला, ‘पैसा काट्याचा, गुरुजी. थांबल्याचं कोण देतंय?’

थंडीपेक्षा त्या वाक्यानंच अंगावर काटा आला. वेट आणि वेट. माझ्या विद्यार्थ्याच्या घरात हे दोन्ही शब्द रोज राबत होते. एकाचे पैसे मिळत होते, दुसऱ्याचे मिळत नव्हते. हा फरक त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्याला ठाऊक नव्हतं ते एवढंच की इंग्रज या दोन गोष्टी कोणत्या अक्षरांनी लिहितात. ते सांगण्यासाठी मला पगार मिळत होता. आणि मी ते सांगण्याऐवजी त्याच्या बापाच्या कष्टांवर विनोद केला होता.

परत आल्यावर मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि वर्गाला सांगितलं की मागच्या वेळी चूक माझी होती. मग त्या मुलाला पुढे बोलावलं आणि म्हटलं, ‘काटा कसा असतो, नंबर कसा लागतो, ते सगळ्यांना सांग.’ तो आधी गप्पच. मग बोलू लागला तो दहा मिनिटं बोलला, मराठीत. बोलून झाल्यावर मी त्याच्या हातात खडू दिला आणि विचारलं, ‘आता यातलं काट्याचं वेट कुठलं असेल?’ सगळ्यांनी विचार केला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, त्या शब्दात एट आहे, आठचा आकडा.’ खरंच होतं. ई-आय-जी-एच-टी म्हणजे आठ, त्याच्यापुढे डब्ल्यू लावला की वजन. आकड्याचा शब्द वजनाच्या पोटात बसलेला. इतकी वर्षं शिकवूनही तो मला दिसला नव्हता. दुसरं ‘वेट’ नॉर्मन फ्रेंचांबरोबर इंग्लंडात आलं. त्याचा जुना अर्थ पहारा देणं, जागता डोळा ठेवणं. तो अर्थही मी सांगितला. रांगेतले गाडीवान बैल आणि ऊस सांभाळत रात्रभर दुसरं काय करत असतात?

त्या दिवसापासून समोच्चारी शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं मी बंद केलं. शब्द वाक्यात ठेवायचा आणि वाक्य मुलाच्या घरातलं घ्यायचं. जमेल तिथे शब्दाच्या पोटात शोधायचं. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये कानाचा ‘इअर’ आहे. जागेच्या ‘हिअर’ची अक्षरं ‘देअर’ आणि ‘व्हेअर’ या जागेच्याच शब्दांत सापडतात. मटणाच्या ‘मीट’मध्ये खाण्याचं ‘ईट’ आहे. भेटण्याच्या ‘मीट’मध्ये दोन ई एकमेकांशेजारी बसलेले आहेत, दोन माणसं भेटावीत तसे. अशा खुणा मुलांना स्वतः शोधू दिल्या की ती विसरत नाहीत. आणि मुलानं चुकीचं ‘वेट’ लिहिलं, तर आधी त्याला सांगायचं की तू बरोबर ऐकलंस. त्यानंतर लाल शाई.

हे पालकांसाठीही आहे. आईबापांना इंग्रजी येत नसलं तरी चालतं. मुलाला एवढंच विचारा, ‘हा शब्द कशाबद्दल आहे?’ गावाच्या नावाचं सांगितलं होतं ना? तवा, मणी की गाव, हे आपण पुढच्या-मागच्या शब्दांवरून ओळखतो. तीच सवय इंग्रजीतही कामाला येते.

तो मुलगा पुढे दहावी झाला. त्याचं आठवीचं वार्षिक परीक्षेतलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. प्रश्न दुसराच होता, हे वाक्य त्यानं आपणहून लिहिलं होतं. मी ते मराठीत सांगतो, कारण आकाशवाणीवरून स्पेलिंग दिसत नाही : ‘माझे वडील वजनासाठी वाट पाहतात.’ इंग्रजीत त्यात दोन ‘वेट’ होते. दोन्ही बरोबर होते.